नव्या घरातली ओल: 'कुठे' विचारण्याआधी 'केव्हा' विचारा

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर लगेच कळेल. रत्नागिरी तालुक्यात स्वतःच्या जागेवर चिऱ्याच्या (म्हणजे जांभ्या दगडाच्या) भिंती आणि आरसीसी कॉलम-बीम असं तळमजला अधिक एक मजला घर. मार्चमध्ये काम संपलं, अक्षय तृतीयेला वास्तुशांत करून राहायला आलात, आणि जुलै संपता संपता चार ठिकाणी ओल. पश्चिमेच्या बेडरूममध्ये खिडकीखाली डाग. हॉल आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीला खालून दीड फुटापर्यंत रंग फुगलाय आणि पांढरी पावडर सुटतेय. उत्तरेच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आणि कुबट वास. शिवाय तळमजल्याची फरशी काही सकाळी पायाला ओली लागते. कंत्राटदार म्हणतो, नवीन घर आहे, एक उन्हाळा गेला की वाळेल. रंगारी म्हणतो, डॅम्पप्रूफचे दोन हात मारू. मेहुणे म्हणतात, भिंतीला केमिकलचं इंजेक्शन द्या. आणि तुम्ही विचारताय, यातल्या कुणाचं ऐकू?

आज तरी कुणाचंच ऐकू नका. तिघांनीही औषध सांगितलंय, नाडी कुणी बघितलेली नाही. तुमच्या मजकुरात ओल कुठे आहे ते इंचात दिलंय, पण फरशीचं 'काही सकाळी' सोडलं तर केव्हा येते आणि केव्हा सुकते याबद्दल एक ओळ नाही. माझा सव्वीस वर्षांचा अनुभव असा की डागाची जागा बऱ्याचदा फसवते, डागाची वेळ सहसा फसवत नाही. पाणी आत शिरतं एकीकडे, सांध्यातून, पाइपातून, चिऱ्याच्या भोकांतून वाट काढतं आणि दिसतं तिसरीकडेच. पण पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी जो डाग फिका पडतो तो पावसाचा, आणि घरचे सगळे आठवडाभर गावाला गेल्यावर जो फिका पडतो तो न्हाणीघराचा.

माझ्याबद्दल इतकंच सांगतो, की मी कोकणात घरं बांधतो आणि गेली दहा-बारा वर्षं बराच वेळ दुसऱ्यांनी बांधलेल्या घरांतली ओल शोधण्यात जातो. मी स्वतः बांधलेल्या दोन घरांतही शोधावी लागली आहे, खोटं कशाला बोलू. इथे बसून मला न दिसणाऱ्या गोष्टीही आधीच सांगतो: वाळू कुठली वापरली, बांधकामाला पाणी विहिरीचं होतं की बोअरचं, जोतं जमिनीपासून किती वर आहे, मागे डोंगर कापलाय का, आणि बाहेरून गिलावा आहे की नुसत्या दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरल्या आहेत. यांची उत्तरं बदलली तर माझंही उत्तर बदलेल.

आधी कंत्राटदाराचं म्हणणं तपासू, कारण ते अगदीच थाप नाही. नव्या घरात पाणी असतंच, आणि किती असतं याचा अंदाज लोकांना नसतो. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला काँक्रीटमध्ये साधारण २५ लिटर पाणी लागतं. त्यातलं ११-१२ लिटर सिमेंटशी रासायनिक बांधलं जातं, उरलेल्याला कधी ना कधी हवेत जावं लागतं. तुमच्या आकाराच्या घराला ६०० गोण्या धरल्या तरी ७,००० लिटरच्या वर पाणी भिंती-स्लॅबमधून बाहेर पडायचं असतं. त्यात चिरे भिजवलेलं पाणी आणि क्युरिंगला, म्हणजे काम पक्कं व्हावं म्हणून रोज मारलेलं पाणी धरलेलंच नाही. मार्चमध्ये काम संपवून एप्रिल-मे असे जेमतेम दोन महिने वाळायला मिळाले, त्यातही बहुधा गिलाव्यावर तीन आठवड्यांत लांबी (पुट्टी) आणि वर प्लास्टिक पेंट चढला असेल. म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं झालं. जूनपासून बाहेरची हवाच इतकी दमट की आतलं पाणी जाणार कुठे?

पण बांधकामाच्या पाण्याची एक खूण आहे. ते सगळीकडे थोडं थोडं असतं. त्याला ठळक कड नसते, ते एका खिडकीखाली किंवा एका भिंतीच्या पायथ्याशी ठाण मांडून बसत नाही, आणि महिन्यागणिक कमीच होत जातं. तुमची चारपैकी दोन दुखणी अगदी जागेला धरून आहेत. म्हणून कंत्राटदाराला अर्धे गुण द्यायचे. एक उन्हाळा जाऊ देणं बरोबर आहे, पण त्या उन्हाळ्याआधी शोधायचं ते शोधून ठेवलं पाहिजे. कारण उन्हाळ्यात डाग सुकतो, सगळे विसरतात, रंग मारला जातो, आणि पुढच्या जुलैत आपण पुन्हा इथेच येतो.

आता काम सांगतो, त्याला खर्च शून्य आहे. एक पेन्सिल घ्या. प्रत्येक डागाची आजची कड भिंतीवर हलक्या रेषेने आखा आणि तारीख घाला. दर तीन दिवसांनी पुन्हा बघा. डाग बाहेर सरकला तर नवी रेषा, नवी तारीख. एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: पाऊस किती आणि वारा कुठून, बाथरूमचा वापर किती झाला, आणि खिडक्या उघड्या होत्या की बंद. लोक हसतात या वहीला. पण मी कुणाच्या घरी गेलो आणि अशी वही तयार असली, तर माझं निम्मं काम झालेलं असतं. गणपतीला कुठे जाणार असाल तर जाण्यापूर्वी सगळ्या डागांचे फोटो काढा, टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जा, आणि परतल्यावर बॅगा उघडण्याआधी भिंती बघा. आणि घरातच गणपती बसत असेल, पन्नास माणसं येऊन न्हाऊन गेली असतील, तर त्याच्या उलटी परीक्षाही आपोआप होते.

पश्चिमेची खिडकी

इथे मी बऱ्यापैकी खात्रीने बोलतो, पाऊसच असणार. आपल्याकडचा पाऊस वरून पडतो त्याहून जास्त आडवा येतो. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर झड भिंतीवर आपटते, आणि रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे ती भिंत चार महिने अंघोळच करत असते. जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी होती, उतरतं छप्पर पुढे आलेलं होतं, पश्चिमेला झावळ्यांचे झाप बांधले जायचे. मूळ भिंतीला पाऊस दिसायचाच नाही. आता आपण शहरातल्या इमारतीसारखी चौकोनी पेटी बांधतो आणि खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढतो, तोही एलिव्हेशन (घराचं दर्शनी रूप) बिघडतं म्हणून काही जण छाटतात.

आता या पावसाला तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीची वेळ वेगळी. जोराची सर सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत डाग ताजा होत असेल, तर पाणी खिडकीच्या चौकटीतून किंवा खालच्या दगडाच्या सांध्यातून येतंय. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला पाणी जायला छोटी भोकं असतात, ती आधी बघा. देवगडकडच्या एका घरात मालकाने तीन पावसाळ्यांत तीनदा सिलिकॉन भरून घेतलं होतं. मी गेलो तेव्हा रंगाऱ्याच्या लांबीने ती भोकं बुजलेली होती. ट्रॅक भरायचा आणि घरात सांडायचा. एका खिळ्याने काम झालं. त्यानंतर बघा, खालच्या ग्रॅनाइटला उतार बाहेर आहे की आत. थोडं पाणी ओतलं की लगेच कळतं. दगड भिंतीबाहेर इंचभर तरी आलेला हवा आणि त्याच्या पोटाशी पाणी तोडणारी खाच हवी. नाहीतर पाणी दगडाखालून भिंतीला चिकटून परत मागे येतं.

डाग सरीनंतर काही तासांनी वाढत असेल आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून खाली उतरत असेल, तर छज्जा आणि भिंत यांचा सांधा, किंवा कॉलमला चिरा जिथे लागतो तिथली उभी केसभर भेग. काँक्रीट आणि चिरा दोघांचं आकुंचन-प्रसरण सारखं नसतं. त्या सांध्यावर कोंबडी जाळी न घालता गिलावा केला की भेग जवळपास ठरलेलीच. आणि डाग दोन दिवसांच्या सलग पावसानंतर सावकाश उगवत असेल, मग उघडीप मिळाली तरी आठवडाभर जात नसेल, तर चिराच पाणी पितोय. जांभा सच्छिद्र दगड आहे, त्याला नुसत्या दरजा भरून पश्चिमेला उघडा ठेवला तर तो पिणारच. त्याला एकतर बाहेरून दोन थरांचा गिलावा हवा किंवा उन्हाळ्यात, पूर्ण सुकल्यावर, पाणी झिडकारणारं पण वाफ जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेन जातीचं द्रावण. वाफ अडवणारा जाड रबरी रंग चिऱ्यावर मारू नका. आत राहिलेलं पाणी मग घरात तोंड काढतं.

पाइपने पाणी मारून बघायची परीक्षा नोव्हेंबरनंतर करा, आणि कायम खालून वर. आधी फक्त खिडकीखालची भिंत वीस मिनिटं, मग ट्रॅक, मग बाजूच्या कडा, शेवटी छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरून ओघळतं आणि चोर कोण ते कळतच नाही. मी उमेदवारीच्या काळात एकदा पूर्ण दिवस असा वाया घालवला आहे.

बाथरूमची भिंत

खरा घोळ इथे आहे, आणि इथेच मला फोन करणाऱ्या निम्म्या लोकांनी आधी चुकीचा खर्च केलेला असतो. भिंतीच्या पायथ्याशी ओल म्हटलं की सगळे 'जमिनीतून चढतेय' म्हणतात. तुमच्या वर्णनावरून चार संशयित आहेत: जमीन, दाबाची (नळाला पाणी आणणारी) पाइप, सांडपाण्याचा सांधा, आणि चौथा, ज्याचं नाव कुणीच घेत नाही, तो म्हणजे मीठ. एकेकाला बाजूला काढू.

जमिनीतून चढणारी ओल एकाच भिंतीवर मेहरबानी करत नाही. ती तळमजल्याच्या बहुतेक भिंतींवर साधारण सारख्या उंचीने दिसते, फूट-दोन फूट, क्वचित तीन फुटांवर जाते. तुमच्या बाकीच्या भिंतींचा पायथा कोरडा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हा संशयित मागे पडतो. तरी बाहेर एक फेरी मारा. जोत्याला लागून बागेची माती किंवा पेव्हर ब्लॉक नंतर वर चढवलेत का? बाहेरचा गिलावा जोत्यावरून थेट मातीत गेलाय का? जोत्यावर ओल अडवणारा थर कितीही चांगला असला तरी त्याच्या बाहेरून असा पूल बांधला की पाणी त्यावरून चालत येतं. मागे डोंगर कापलेला असेल तर ऑगस्टमध्ये जोत्याच्या भरावातच पाणी येतं. तेव्हा भिंतीला काही लावून उपयोग नसतो, मागच्या बाजूला जोत्याच्या तळाखालपर्यंत चर खणून, त्यात दगड भरून पाणी बाजूला काढावं लागतं.

पाइपची परीक्षा सोपी आहे. रात्री झोपताना गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी खुणेने नोंदवा, सगळे नळ बंद, मोटर बंद, आणि फ्लशच्या टाक्यांचे अँगल कॉक (टाकीला पाणी देणारे छोटे नळ) तेही बंद. हे शेवटचं लोक विसरतात, फ्लश बारीक गळत असतो आणि निष्कारण भिंत फुटते. सकाळी पातळी उतरली असेल तर दाबाच्या लाइनमध्ये गळती आहे. मग एकेका बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून कुठली लाइन ते काढा. उतरली नसेल तरी अगदी बारीक झिरप सुटू शकते, म्हणून माझं समाधान होत नसेल तर मी प्लंबरकडून हातपंप आणि गेज लावून दाब देऊन बघतो. पाइप गळत असली की डाग दिवस-रात्र सारखाच ताजा राहतो, पावसाशी आणि अंघोळीशी त्याचा काही संबंध नसतो. हात लावला तर ओल थंडगार लागते.

सांडपाण्याची गळती अंघोळीबरोबर वाढते-उतरते, पण उशिरा. टाइलच्या सांध्यांतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने पाणी खालच्या भरावात जातं, तिथे साठतं आणि तिथून भिंत ते हळूहळू शोषते. म्हणून दोन दिवस बाथरूम बंद ठेवून काही कळत नाही. आठ-दहा दिवस बंद ठेवा, वरच्या मजल्याचं वापरा. त्यानंतर पेन्सिलच्या रेषेच्या आत डाग आला तर चोर सापडला. उलटी परीक्षा हवी असेल तर ट्रॅपचं तोंड फडक्यात गुंडाळलेल्या चेंडूने घट्ट बुजवा, दोन इंच पाणी भरा, टाइलवर खूण करा आणि ४८ तास थांबा. पावसाळी हवेत बंद खोलीतलं पाणी आटत जवळजवळ नाहीच, पातळी उतरली म्हणजे ते कुठेतरी गेलं. रंगीत पाणी घालून बघा असं सगळे सांगतात. मीही घालतो, पण रंग पलीकडे दिसला नाही म्हणून गळती नाही असं मी मानत नाही, कारण भराव आणि गिलावा रंग गाळून घेतात. आणि घरातली हळद घालू नका. सिमेंटच्या क्षाराने ती लाल होते, फरशीचे सांधे लाल पडतात आणि मग वेगळंच महाभारत.

आता मीठ. तुम्ही 'पांढरी पावडर' लिहिलंत तिथे मी थबकलो. नव्या गिलाव्यातून थोडा लोणा (पांढरा क्षार) पहिल्या वर्षी फुटतो, कोरड्या ब्रशने झाडला की दोन-चार वेळांत संपतो. तो चालतो. पण वाळू खाडीची, हातपाटीची (हाताने उपसलेली) आणि न धुतलेली असेल, किंवा चिरे भिजवायला किनाऱ्याजवळच्या बोअरचं मचूळ पाणी वापरलं असेल, तर गिलाव्यातच मीठ बसतं. आणि डब्यातल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं तसं भिंतीतल्या मिठालाही सुटतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जुलैत आर्द्रता दिवसच्या दिवस ८५-९०च्या खाली येत नाही. म्हणजे कुठेही गळती नसताना, पाइप धडधाकट असताना, भिंत जूनमध्ये ओली होते आणि डिसेंबरात ठणठणीत सुकते. दर वर्षी. अशा भिंतीत मी लोकांना हजारो रुपयांचं वॉटरप्रूफिंग ओतताना पाहिलंय.

याची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. भिंतीवरची पावडर सुरीने खरवडून बशीत घ्या आणि पावसाळी दिवशी उघड्यावर, पण पाऊस लागणार नाही अशी ठेवा. दुसरीकडे गिलाव्यातला साधा लोणा, जुन्या कोरड्या भिंतीवरचा मिळाला तर, तसाच ठेवा. पहिल्या बशीला पाणी सुटलं आणि दुसरी कोरडी राहिली तर तुमच्या भिंतीत मीठ आहे. पक्कं करायचं असेल तर गिलाव्याचा तुकडा जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका पडतो, आणि क्लोराइड किती ते ते मोजूनही देतात. हीच भानगड ओलमापकाचीही होते. दोन सुया टोचून ओल दाखवणारं यंत्र मिठाच्या भिंतीत नेहमी जास्त आकडा दाखवतं, कारण ते मोजतं विजेचं वहन आणि मीठ ते वाढवतं. त्या आकड्याच्या जोरावर कुणी भिंत फोडायला सांगितली तर थांबा.

मीठ निघालं तर रंग, केमिकल, इंजेक्शन, काहीच लागू पडत नाही. डागाच्या वर आणखी दीड फुटापर्यंतचा गिलावा काढून टाकायचा, चिऱ्याच्या दरजा इंचभर खरवडायच्या, उन्हाळाभर उघडं ठेवायचं, सुटणारं मीठ झाडत राहायचं, आणि मग गोड्या पाण्यात, धुतलेल्या वाळूत किंवा चांगल्या क्रश सँडमध्ये (दगड दळून केलेल्या वाळूत) नवा गिलावा. जिप्समचा गिलावा तिथे चुकूनही नको. आणि एक गंभीर गोष्ट. तीच वाळू किंवा तेच पाणी स्लॅब-कॉलमलाही वापरलं होतं का, हे कंत्राटदाराला विचारा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं, बिनसळईच्या काँक्रीटला २,००० पर्यंत चालतं. हा फरक उगाच नाही, मीठ सळई खातं. उत्तर 'हो' आलं तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. तो विषय मग ओलीचा राहत नाही.

तुमच्याकडे वाळू कुठली होती हे माहीत नसताना मी पैज लावणार नाही. पण लावायचीच झाली तर मी नहाणी ट्रॅप आणि मीठ यांच्या भागीदारीवर लावेन. असं दोघांचं एकत्र असणं मी वारंवार पाहतो, आणि म्हणून एक दुरुस्त केलं की लोकांना वाटतं काहीच झालं नाही.

कपाट आणि फरशी

ही दोन लवकर उरकतो, कारण इथे घराचा फारसा दोष नाही. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर जेमतेम दोन अंशांनी थंड असलेल्या पृष्ठभागावरही दव जमतं, आणि बुरशीला तर दव जमायचीही गरज नसते. उत्तरेची भिंत, ऊन नाही, त्याला चिकटून कपाट, मागे हवा खेळत नाही. त्यात पावसाळ्यात धुतलेले कपडे खोलीतच वाळत घातले की एका बादलीचं दोन-तीन लिटर पाणी त्याच हवेत जातं. दिवसा पंखा सुरू ठेवा, कपडे पडवीत किंवा गच्चीच्या पत्र्याखाली न्या, खोलीत एसी असेल तर दरवाजे उघडे टाकून तो अर्धवट चालवू नका. बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, ती उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

तरी शंका राहिली तर, आणि फरशीसाठी तर कराच: जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोन चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आत, म्हणजे पाणी भिंतीतून किंवा जमिनीतून येतंय. आत कोरडं आणि वरून ओलं, म्हणजे हवेतलं. फरशीवर हे टाइलच्या मधोमध लावू नका. टाइलमधून पाणी येत नाही, सांध्यातून येतं, म्हणून दोन-तीन सांधे आत येतील असं लावा. 'काही सकाळी' असं तुम्ही लिहिलंत यावरून मला ते हवेतलंच वाटतं. जमिनीचं पाणी वार बघून येत नाही.

क्रम आणि पैसे

आता काहीही फोडू नका आणि काहीही मारू नका. सप्टेंबरअखेरपर्यंत फक्त वही. खिडकीच्या ट्रॅकची भोकं आणि टाकीची परीक्षा मात्र याच आठवड्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाथरूमचा निकाल लावा आणि फुगलेला रंग खरवडून भिंत मोकळी करा, लांबीसकट, गिलाव्यापर्यंत. पोपडा काढलात की उलटून बघा. मागे स्वच्छ लांबी असेल तर दोष रंगाच्या घाईचा, आणि वाळूची भुकटी चिकटून आली असेल तर गिलावाच आतून सुटलाय. रंग मेमध्ये, त्याआधी नाही. वरच्या मजल्याच्या छतावर, पंख्याच्या हुकाशी किंवा स्विचबोर्डातून पाण्याचा थेंब कधी दिसला तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा, आधी त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा. स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून पाणी वीस-पंचवीस फूट प्रवास करतं, मूळ बहुधा जिन्याच्या टोपीशी किंवा कठड्याच्या बुडाशी असतं.

कंत्राटदाराशी भांडण आत्ता काढू नका, पण वहीतले फोटो तारखेसह त्याला पाठवत राहा. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. तुम्ही स्वतःच्या जागेवर कंत्राट देऊन बांधलंय, त्यामुळे तुमचा आधार तुमचा करारनामा. त्यात राखून ठेवलेली रक्कम आणि दोष दुरुस्तीची मुदत किती लिहिली आहे ते आजच काढून वाचा. शेवटचं बिल अजून द्यायचं असेल तर पुढचा पावसाळा बघून देण्याची विनंती करायला हरकत नाही. चांगला कंत्राटदार ऐकतो.

वहीची पंधरा दिवसांची पानं भरली की मला कळवा, सोबत वाळू आणि पाणी कुठलं होतं तेही. आणि ते कपाट मात्र आज संध्याकाळीच भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.